चौथं माप

१

मुरुमच्या पेठेत त्या काळी दोन काटे नावाजलेले होते. एक अडतीवरचा, ज्याच्यावर कुणाचाच विश्वास नव्हता, आणि दुसरा महालिंगप्पाचा, ज्याच्यावर सगळ्यांचा होता. अडतीवरच्या काट्यावर ज्वारी तोलली जायची. महालिंगप्पाच्या काट्यावर घोडे तोलले जायचे, म्हणजे इंजिनातले घोडे.

गोष्ट शेहेचाळीस सालची. निजामाचं राज्य होतं, मोठी लढाई नुकतीच संपली होती आणि नवं इंजिन दिवा घेऊन शोधलं तरी मिळत नव्हतं. पिठाची गिरणी काढायची असो की सरकी काढायची असो, जो तो जुनंपानं यंत्र हुडकत हिंडायचा. विकणारा छाती ठोकून सांगायचा की आठ घोड्यांचं आहे. घेणारा म्हणायचा, असेल बाबा, पण आधी मालिंगप्पाची चिठ्ठी आण.

त्याची मोजायची रीत बघण्यासारखी होती. शेडच्या मधोमध एक जाड लोखंडी ढोल, उसाच्या जुन्या चरकातून काढलेला. ढोलाभोवती सुती दोराचे वेढे. दोराचं एक टोक तुळईला टांगलेल्या स्प्रिंगच्या काट्याला, दुसऱ्या टोकाला वजनं. इंजिन ढोलाला फिरवणार, दोर त्याला धरून ठेवायला बघणार, आणि या ओढाताणीत किती रत्तल जोर लागला ते काटा सांगणार; रत्तलांचे घोडे करून त्यानं काट्यावर खुणा केल्या होत्या. दोर घासून तापायचा, धुरायचा, म्हणून महालिंगप्पा तांब्यातांब्यानं पाणी ओतत राहायचा. ढोलाच्या शंभर फेऱ्या झाल्या की बैलाच्या गळ्यातली एक घंटा वाजायची. ती वाजली की कोपऱ्यात ज्वारी निवडत बसलेली त्याची बायको इरम्मा परातीत एक चिंचोका टाकायची. पहिल्या चिंचोक्याला ती एक म्हणायची नाही. खळ्यावर धान्य मोजतात तशी म्हणायची, लाभ, दोन, तीन. आठशे फेऱ्यांचा एक मैल. चौसष्ट चिंचोके पडले की आठ मैल झाले आणि एक माप पुरं झालं.

अशी तीन मापं, तीन दिवशी. पहिल्या दिवशी इंजिन पाहुण्यासारखं वागतं, दुसऱ्या दिवशी रुसतं आणि तिसऱ्या दिवशी खरं बोलतं, असं त्याचं म्हणणं. तीन झाली की चिठ्ठी लिहून मोकळा. चौथं माप त्यानं तीस वर्षांत घेतलं नव्हतं. चौथं माप संशयाचं असतं, आणि संशयाला काट्यात उत्तर नसतं, असं तो म्हणायचा.

माणूस सुखी होता. सकाळी लिंगपूजा, कपाळाला विभूती, दुपारी ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी, आणि दिवसभर यंत्रांचा आवाज. याहून जास्त माणसाला काय लागतं, असं त्याला मनापासून वाटायचं, आणि ते खरंही होतं.

२

पौषात शिवकांतानं आपल्या नवऱ्याची फटफटी त्याच्याकडे पाठवली. पाठवली म्हणजे बैलगाडीत घालून आणली. ती फटफटी दोन वर्षांत चाकावर चाललीच नव्हती.

शिवकांताचा नवरा वीरभद्र, कापडाचा व्यापारी. अंगानं काडी. दीड मणाच्या वर त्याचं वजन कधी गेलं नाही. शिवकांता चांगली भरल्या अंगाची. दोघं संध्याकाळी ओसरीतल्या बंगईवर, कड्यांच्या झोपाळ्यावर, बसली की तिची बाजू खाली जायची आणि वीरभद्र वर टांगल्यासारखा दिसायचा. गल्ली हसायची, आणि ती दोघंही हसायची.

दोन वर्षांपूर्वी वीरभद्र मावशीला भेटायला अणदूरला गेला. दिवेलागणीला येतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी फटफटी सापडली, अणदूरच्या खंडोबाच्या देवळाजवळ, लिंबाच्या झाडाला टेकून नीट उभी केलेली. टाकीत अर्धं पेट्रोल. मावशीच्या घरी तो पोचलाच नव्हता. पोलिसांनी विहिरी धुंडाळल्या, ओढे बघितले. माणूस मिळाला नाही, मयतही मिळालं नाही. फटफटी मात्र बैलगाडीत आडवी पडून बारा कोस घरी आली.

तेव्हापासून शिवकांता ना सुवासिनीत धड, ना विधवेत. हळदीकुंकवाला बोलवावं की नाही म्हणून बायका अडखळायच्या, आणि ती दारातूनच त्यांची अडचण ओळखायची. ती रडली असती तर लोकांना बरं वाटलं असतं. पण ती रोज संध्याकाळी बंगईच्या एका टोकाला बसायची आणि दुसरं टोक मोकळं ठेवायची.

आता कळंबचा रामकिसन म्हणून एक धान्याचा व्यापारी ती फटफटी घ्यायला तयार झाला होता. चार घोडे भरले तर घेईन, नाहीतर नाही, असा त्याचा हिशेब. शिवकांतानं मान डोलावली. घरातलं लोखंड नुसतं बघत बसून काय करायचं.

३

महालिंगप्पानं आठ दिवस खपून इंजिन उघडलं, पुसलं, साखळी बसवली. मग बैलाला धुवावं तशी फटफटी धुतली, टाकीला विभूतीची तीन बोटं ओढली. पुढचं चाक लाकडी ओंडक्याच्या खाचेत घालून साखळीनं जखडलं. मागचं चाक ढोलावर टेकवलं. चाक ढोलावर घसरू नये म्हणून सीटवर माणसाएवढं वजन लागतं, तर इरम्माकडून दोन मण ज्वारीचं पोतं घेतलं आणि सीटवर बांधलं. सीटच्या स्प्रिंगा चार बोटं दबल्या. मग तारेनं मूठ एका जागी बांधून टाकली.

माप छान झालं. चाक गरगरलं, दोर धुरला, घंटा वाजत राहिली. चौसष्टावा चिंचोका पडला तेव्हा काटा चारच्या थोडा वरच होता. गाडी इमानदार आहे, असं महालिंगप्पा इरम्माला म्हणाला आणि पुढची साखळी सोडायला वाकला.

पुढच्या चाकाला हात लावला तर बोटं ओली झाली. तिथं वाळू होती. ओली, बारीक, तिच्यात तिळाएवढाले शंख.

ही वाळू त्याच्या ओळखीची होती. नळदुर्गापाशी बोरी नदी ओलांडावी लागते तिथली. ओतकामाच्या साच्यासाठी तो हीच वाळू गाडीभर मागवायचा. शेडच्या मागं तिचा ढीग असायचा. तिथूनच उडाली असणार, असं त्यानं ठरवलं. दोरावरचं पाणी शिंपडलं आणि वाळू चिकटली. ढीग दिवाळीतच संपला होता, ते त्याला भाकरी खाताना आठवलं. घास थोडा थांबला. मग त्यानं चटणी मागून घेतली.

एक गोष्ट मात्र मनातून जाईना. वाळू फिरत्या चाकावर उडाली असती तर समजलं असतं. पुढचं चाक फिरतच नव्हतं, आणि वाळू तर टायरच्या खाचांत सगळीकडून सारखी बसली होती, चाललेल्या चाकाला बसते तशी.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं पुढचं चाक स्वतः पुसलं. कोरड्या फडक्यानं, दोनदा. इरम्मानं विचारलं की नवरीमुलगी आहे का ती, इतकं काय न्हाऊ घालायचं. तो हसला.

तीस चिंचोके होईस्तोवर सगळं ठीक होतं. मग तो पाणी ओतायला वाकला आणि उठून बघतो तर पोतं सीटवर नव्हतं. ते मागच्या कॅरिअरवर सरकून बसलं होतं. गाठी होत्या तशाच, घट्ट. थरथरीनं सरकलं असेल. यंत्र थरथरतं, पोती सरकतात, यात नवल काय. पण पोतं सरकतं तेव्हा तिरकं पडतं. हे नीट बसलं होतं, कुणीतरी जागा करून दिल्यासारखं.

सीट रिकामी होती आणि चाक घसरत नव्हतं. टायरवर ओढलेली खडूची रेघ ढोलावरच्या रेघेला दर फेरीला तशीच भेटत होती. त्यानं इंजिन बंद केलं नाही. माप अर्ध्यात तोडायचं नसतं. चौसष्ट पुरे झाले, काटा चारावर.

या वेळी पुढच्या चाकावर पांढरी धूळ होती. त्यानं नाकाशी नेली. ताज्या भाजलेल्या चुन्याचा वास. अशी चुन्याची भट्टी येणेगूरच्या वळणावर होती, जिथून मुरुमचा फाटा फुटतो. मुरुमात तर काळ्या मातीशिवाय दुसरं काही उडत नाही.

इतक्यात रामकिसन आला. बोलका माणूस. दोन मापं चार-चार आली म्हणताच त्यानं तिथंच चिठ्ठी मागितली. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणाला. महालिंगप्पाला क्षणभर वाटलं, द्यावी. फटफटी जाईल कळंबला आणि आपण सुटू. पण तीस वर्षांत दोन मापांवर त्यानं चिठ्ठी दिली नव्हती. उद्या या, एवढंच तो बोलला.

रामकिसन गेल्यावर तो परातीपाशी बसला. चिंचोके मांडू लागला. पहिल्या दिवशीचे चौसष्ट, आठ मैल, म्हणजे चार कोस. अणदूरहून निघालं तर चार कोसांत नळदुर्ग मागं पडतं, बोरी ओलांडून होते. दुसऱ्या दिवशीचे चौसष्ट. आठ कोस. येणेगूरचं वळण. अणदूर ते मुरुम बारा कोस, हे त्याला मांडायची गरज नव्हती. तरी त्यानं आणखी चौसष्ट चिंचोके मोजून वेगळे ठेवले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसला. त्याला भीती वाटली. आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपल्या शेडमध्ये भीती वाटली, आणि त्याचं त्याला वाईट वाटलं.

५

संध्याकाळी तो शिवकांताकडे गेला. ती बंगईवर तिच्या टोकाला बसली होती, तिची बाजू खाली झुकलेली. त्यानं सगळं सांगितलं. वाळू, चुना, पोतं. सांगताना आपण वेडे ठरू असं त्याला वाटत होतं, आणि ठरलो तर बरं होईल असंही. माझं ऐकाल तर गाडी मोडीत काढा, तिसरं माप नको, असं तो शेवटी म्हणाला.

शिवकांतानं बंगई पायानं थांबवली. मग तिनं विचारलं, "किती ऱ्हायलंय काका?"

"चार कोस."

"मंग घ्या माप. दोन वर्सं झाली. आता चार कोसासाठी त्यास्नी रस्त्यात ठिवू नका."

यावर महालिंगप्पाला एक विचारायचं होतं. ते शब्द त्याच्या ओठांवर आले होते. येतंय कोण, हे आपल्याला काय ठाऊक? काट्याला ओढ कळते, ओढणारा कळत नाही. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याची जीभ रेटेना. तिनं पाट-पाणी मांडायला घ्यावं तसा तिचा चेहरा झाला होता. तो उठला आणि उद्या तिसऱ्या प्रहरी घेतो म्हणाला.

६

तिसऱ्या प्रहरी ऊन शेडच्या आतपर्यंत आलं होतं. शिवकांता दाराशी उभी होती, डोईवर पदर. तिनं ठेवणीतली इरकली नेसली होती. इरम्मानं तिला बसायला पोतं अंथरलं, ती बसली नाही.

महालिंगप्पानं इंजिन चालू केलं, दोर ताणला, पाण्याची घागर जवळ घेतली. इरम्मा मोजू लागली. लाभ, दोन, तीन. त्यानं आज फक्त काट्याकडे बघायचं ठरवलं होतं. काटा चारावर आला आणि तिथंच राहिला. पाणी, धूर, घंटा. वीस झाले, तीस झाले. त्याला हळूहळू बरं वाटू लागलं. हे त्याचं काम होतं, आणि काम चालू असताना त्याला नेहमी बरंच वाटायचं.

चाळिसाव्या घंटेला त्याच्या ध्यानात आलं की आज पोतं बांधायचं राहिलं आहे.

इरम्मानं ज्वारीला किडे लागले म्हणून ती सकाळीच उन्हात ओतली होती. तसं तिनं सांगितलंही होतं, त्यानं हूं म्हटलं होतं. सीटवर काही नव्हतं, कॅरिअरवर काही नव्हतं. खडूची रेघ रेघेला भेटत होती. चाक तसूभर घसरत नव्हतं. मग त्यानं स्प्रिंगांकडे बघितलं. त्या दबलेल्या होत्या. सवयीनं त्यानं डोळ्यांनीच माप घेतलं. सहा बोटं.

त्यानं तिकडून नजर काढली आणि पाणी ओतलं. दुसरं काय करणार होता.

साठ. एकसष्ट. बासष्टाला इंजिनाचा आवाज उतरला. मूठ तारेनं बांधलेली होती, तार जागची हलली नव्हती, तरी आवाज उतरत गेला, गल्लीच्या तोंडाशी आल्यावर गाडीवरचा माणूस वेग कमी करतो तसा. त्रेसष्ट. मग बऱ्याच वेळानं चौसष्ट. इरम्माचा चिंचोका परातीत पडला आणि इंजिन बंद झालं. कुणी बंद केलं नव्हतं.

शेड इतकी शांत झाली की दोरावरून ठिबकणारं पाणी ऐकू येत होतं. आणि त्यात सीटच्या स्प्रिंगांनी एक लांब कुरकूर केली. सहा बोटांवरून चार, दोन, आणि सीट वर आली.

शिवकांता दारातून बाजूला झाली. वाट देतात तेवढीच. थोडी थांबली, मग वळून गल्लीनं चालू लागली. महालिंगप्पा दारापर्यंत आला. ती गल्लीच्या कडेकडेनं चालली होती, मधली वाट सोडून, जोडीनं जाताना बाई ठेवते तेवढं एक पाऊल मागं राहून. पाटलाच्या घराजवळ तिनं पदर सारखा केला आणि कशाला तरी हसली.

इरम्मानं हलक्या आवाजात शिवशिव म्हटलं आणि चिंचोके गोळा करायला घेतले.

७

रामकिसन चिठ्ठी घेऊन, रेशनच्या कुपनावर पेट्रोल भरून फटफटी कळंबला घेऊन गेला. चांगली चालली म्हणे. शिवकांतानं विकायला एकदाही मागंपुढं बघितलं नाही. तिनं इरम्माजवळ बोलून दाखवलं, की गाडी घरात नको, पुन्हा कुठं जायला नकोत ते.

आठ दिवसांनी महालिंगप्पा तिच्याकडे गेला. कारण काढलं की साखळीचा जुना तुकडा तिच्या मालकीचा, तो द्यायचा राहिला. खरं म्हणजे त्याला बघायचं होतं. एका माणसाचं भलं आपल्या हातून झालं, हे एकदा डोळ्यांनी बघावं आणि सुखानं झोपावं, एवढंच त्याच्या मनात होतं. आठ दिवस झोप नीट लागली नव्हती.

ओसरीवर सडा घातलेला, देवळीत दिवा, घरात फोडणीचा वास. दोन वर्षांत या घराला असा वास आला नव्हता. शिवकांता बंगईवर बसली होती. केसांत शेवंती. चेहरा इतका निवांत की बघणाऱ्यालाही निवांत वाटावं. तिनं त्याला हसून बसा म्हटलं, इरम्मा कशी आहे विचारलं. महालिंगप्पाच्या छातीवरचं ओझं उतरलं. झालं ते चांगलंच झालं, असं त्याला वाटलं.

बंगई मंद हलत होती. शिवकांता नेहमीसारखी तिच्या डाव्या टोकाला बसली होती, उजवं टोक मोकळं होतं. कड्या कुरकुरत होत्या. काट्यासमोर तीस वर्षं बसलेल्या माणसाचे डोळे काही त्याच्या ताब्यात नसतात. ते आपोआप फळीच्या दोन्ही टोकांकडे गेले.

खाली झुकली होती ती मोकळी बाजू. चांगली चार बोटं. शिवकांता वर टांगल्यासारखी दिसत होती.

वीरभद्र अंगानं काडी होता. दीड मणाचा. दोन मणांच्या पोत्यानं सीट चार बोटं दबली होती आणि तिसऱ्या मापाला सहा. महालिंगप्पाला चिंचोके लागले नाहीत, तोंडीच हिशेब झाला. तिन्ही मापं बरोबर होती. एकही चुकलेलं नव्हतं. त्यानं घ्यायचं नाही म्हणून ठरवलेलं चौथं माप आता त्याच्यासमोर कड्यांवर हलत होतं.

त्याच्या हातातला साखळीचा तुकडा वाजला. शिवकांतानं त्याच्याकडे बघितलं. ती कुठल्या गोष्टीनं दचकेल अशी दिसतच नव्हती. दोन वर्षं हळदीकुंकवाच्या दारात उभी राहिलेली बाई आता आपल्या घरी बसली होती.

"काका," ती म्हणाली, "माप बरुबर आलं न्हवं?"

तीस वर्षांत महालिंगप्पानं खोटी चिठ्ठी दिली नव्हती. सावकाराला दिली नाही, तहसीलच्या अंमलदाराला दिली नाही, सख्ख्या भावाला दिली नाही. तो थोडा वेळ फळीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे बघितलं, तिच्या केसांतल्या शेवंतीकडे बघितलं.

"व्हय अक्का," तो म्हणाला. "बरुबर आलं."

साखळीचा तुकडा त्यानं उंबऱ्यापाशी ठेवला आणि चपला घातल्या. गल्लीत आला तरी कड्यांचा आवाज येत होता. शिवकांता कुणाला तरी दिवसभराचं सांगत होती, आणि मधेमधे, समोरच्यानं बोलावं म्हणून, थांबत होती.